नाव नसलेली दोन बटणं

६ एप्रिल, रविवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं. पुढे कोणी म्हणायला नको की मानसीला आधी संशय कसा आला नाही. कानात इअरफोनची बोंडं घालून लिहितेय, कारण माझ्या फोनमधली बाई मी लिहिलेलं अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचते आणि तळा गावातल्या आमच्या घराच्या भिंतींना कान आहेत. त्यातला एक जोड माझ्या आईचा.

कोर्टातल्या समुपदेशक मॅडमनी आम्हाला ‘दोन घरं’ हे ॲप घ्यायला लावलं त्याला महिना होत आला. वेगळं राहणाऱ्या आईबापांनी मुलाबद्दलचं सगळं ह्यातच बोलायचं. कोणता शनिवार कोणाकडे, औषधपाणी, शाळा, फोटो. “मुलीला निरोप्या करू नका,” मॅडम म्हणाल्या. मी मान डोलावली. हितेशने डोलावली की नाही ते मला दिसलं नाही, आणि त्याने तोंडाने सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं.

ॲप मुकं आहे. मी बोट फिरवते तशी बाई सांगते, “चित्र. नाव नसलेलं बटण. नाव नसलेलं बटण.” त्यापुढे तिची दातखीळ बसते. कोणतं हो आणि कोणतं नाही, देवाला ठाऊक. लिहिलेलं पाठवायचं कुठून तेही तिला सापडत नाही. म्हणून प्रज्ञा दाबते. मी सांगेन ते लिहिते आणि आलेलं वाचून दाखवते. माझी पोरगी चौथीत आहे, पण वाचायला खडखडीत. हे मॅडमना मी कळवलेलं नाही. ती काही निरोप नेत नाही, नुसती बटणं दाबते.

खरी गोष्ट पाचवीची आहे. इथली शाळा चौथीपर्यंतच. तळ्याच्या हायस्कुलात घातली तर प्रज्ञा माझ्याकडे राहील. रेवसच्या बाजूला घातली तर हितेशकडे राहील आणि मला महिन्याचे दोन शनिवार. दोघांची सहमती ॲपवर आली की ठरलं. माझी येणार नाही.

हितेश रेवसच्या जेट्टीवर लाँचची तिकिटं देतो. प्रज्ञा त्याच्याकडे गेली रे गेली की फोटो सुरू. आंधळ्या बायकोला, म्हणजे आता बायकोही नाही, फोटो कोण पाठवतं? मला ज्याचं उत्तर देता येणार नाही असं काहीतरी तो साठवतोय. कुठेतरी पाणी मुरतंय.

प्रज्ञा दोन वर्षांची होईपर्यंत मला दिसत होतं. तिचा चेहरा माझ्याकडे तेवढाच आहे, दोन वर्षांचा, गालाला पेज लागलेली. हे हितेशला माहीत आहे आणि तरी तो फोटो पाठवतो. मला ह्याचा फार राग येतो.

९ एप्रिल

संध्याकाळी प्रज्ञाला लिहायला बसवलं. सांगितलं, “लिही. शनिवारी नऊ म्हणजे नऊ. पेणच्या स्टँडवर तुझी वाट बघत मी भिकाऱ्यासारखी उभी राहणार नाही. उशीर केलास तर पोरीला घेऊन परत फिरेन आणि मॅडमना कळवीन.”

ती टकटक करत राहिली. “भिकाऱ्यासारखी कसं लिहायचं?” एवढंच विचारलं.

थोड्या वेळाने उत्तर आलं. प्रज्ञाने वाचलं, “चालेल. तूपण सांभाळून ये. थर्मासमधून चहा आणतो.”

मी दोनदा वाचायला लावलं. तिखट लिहिलं तर साखर येते? हा माणूस लग्नात असताना एका शब्दाला चार शब्द लावायचा. नक्की कोणी वकील शिकवतोय. कोर्टात दाखवायला गोड बोलणं जमवतोय.

१५ एप्रिल

शनिवारी हितेशने खरंच चहा आणला होता. मी घेतला नाही. “तूच म्हणालीस ना,” तो पुटपुटला. मी कधी म्हणाले? पण स्टँडवर तमाशा नको म्हणून गप्प बसले.

काल जयंती करून प्रज्ञा परत आली. फोटोही आले. तिने सांगितलं, पांढरा ड्रेस, निळं तोरण, रतनआत्या ढोलासमोर नाचतेय. रतन म्हणजे हितेशची बहीण. हा फोन तिनेच दुकानातून चालू करून आणला होता, म्हणजे ह्याची आतली कुलपं तिला माहीत असणार. तिच्यावर लक्ष ठेवायला हवं.

एक फोटो राहिला. “हा कसला?”

“मी झोपलेय. खेळून दमले होते.”

झोपलेल्या पोरीचा फोटो कशाला? तिच्या कपाळाला हात लावला तर जरा कढत लागलं. एसटीतून उन्हातनं आलेली, त्यामुळे असेल.

२० एप्रिल, रविवार

हितेशचा एकच फोटो आला. प्रज्ञाने फोन माझ्या हातातून ओढून घेतला.

“काय गं?”

“समुद्र आहे, आई. नुसता समुद्र.”

“नुसता समुद्र कशाला पाठवतो?”

“छान दिसतो म्हणून.”

तिने कुठेतरी दाबलं आणि बाई म्हणाली, “नोंद झाली.” समुद्राची कसली नोंद, असं मी विचारलं. लाइक करतात तसं असतं म्हणाली. ॲप बनवणाऱ्यांच्या डोक्याची कमाल आहे. आंधळीला समुद्र दाखवायचा आणि वर तो आवडला की नाही तेही विचारायचं.

२२ एप्रिल

रागात लिहितेय, चुका होतील.

हितेशचा फोन आला, कचेरीच्या नंबरवर. मी तहसील कचेरीत फोनवर बसते हे त्याला माहीत आहे. म्हणाला, “नियम मोडून फोन केला, राग मानू नको. पण शाळेला तू हो म्हणालीस ना, मला विश्वासच बसेना. थँक्यू मानसी.”

“कसल्या शाळेला?”

“आपल्या इकडच्या. रविवारी फोटो टाकला, विनंती टाकली. तासाभरात तुझं सहमत आलं.”

मी म्हटलं, मी काही सहमत बिहमत केलेलं नाही. रविवारी तू समुद्र पाठवलास. तो म्हणाला, “समुद्र? मी कशाला समुद्र पाठवू, तो तर रोजच आहे.” मग तोही चढला. “तू न्हाय दाबलंस तर काय भुतानं दाबलं?”

“भुतानं नाही, तुझ्या बहिणीनं!” मी म्हटलं आणि फोन आपटला. शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब खुर्ची सरकवून बाहेर गेले. उद्यापर्यंत अख्ख्या कचेरीला कळेल.

मी दिवसभर लोकांना “साहेब मीटिंगमध्ये आहेत” असं सांगते. ज्याचं पोट खोटं बोलण्यावर चालतं त्याला दुसऱ्याचं खोटं बरोबर ऐकू येतं. हितेशच्या आवाजात मला खोटं ऐकू आलं नाही. म्हणजे तो फारच तयार झालाय.

घरी आल्यावर सगळं आईला सांगितलं. प्रज्ञा पडवीत होती. ती जेवली नाही. उन्हाने भूक मेली असेल. आईने तिला कैरीचं पन्हं दिलं आणि मला म्हणाली, “मानसे, काखंत कळसा नि गावाला वळसा, असं करू नको.” तिला आता कसला कळसा सुचतोय? घर जळतंय आणि ही म्हणी सांगतेय.

२३ एप्रिल

ॲपचा आकड्यांचा परवलीचा नंबर बदलला. आकडेसुद्धा बाईला वाचता येत नाहीत, म्हणून प्रज्ञानेच नवीन टाकून दिला. आता तो मी आणि प्रज्ञा सोडून कोणालाही माहीत नाही. रतनला बसू दे दाबत.

२५ एप्रिल

आधी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, ॲपवर सहमती आहे म्हणजे ती धरावी लागेल. दोघांनी मिळून ती मागे घेतली किंवा तुम्हाला ॲप वापरताच येत नव्हतं असं कंपनीनेच सांगितलं, तर वेगळी गोष्ट. जूनमध्ये बघू. जूनमध्ये शाळा सुरू होते, तेव्हा काय बघणार?

मग कंपनी. बेलापूरला आहे. चार माणसांकडे फिरवून शेवटी विपुल नावाचा पोरगा फोनवर आला. ॲप तोच बांधतो म्हणे. त्याने आत पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, सहमती तुमच्याच फोनवरून आलीये. दुसरीकडून लॉगिन नाहीये. हंड्रेड परसेंट.”

“तुमच्या ॲपात दोन बटणं आहेत. दोन्हींना नाव नाही. मी कोणतं दाबलं ते मला कसं कळणार?”

“नाव आहे ना मॅडम. एक हिरवं आहे, एक लाल.”

मी त्याला ते दोन रंग परत म्हणायला लावले. त्याला कळायला बराच वेळ लागला. मग घाईघाईने म्हणाला, “पण आपण दिव्यांगांसाठी केलंय मॅडम, अक्षरं मोठी करता येतात.”

मोठी अक्षरं! मी म्हटलं, “एक पाटी रंगवून माझ्या दारावरच लावा, मग तर नक्कीच दिसेल.”

फोन ठेवल्यावर डोक्यात आलं, हंड्रेड परसेंट एवढ्या झटकन म्हणाला तो. हितेशने ह्याला आधीच गाठला असेल का? जेट्टीवर मुंबईची माणसं रोज उतरतात, ओळख काढायला कितीसा वेळ लागतो.

२ मे

विपुलचा स्वतःहून फोन. त्याने आपल्या फोनात बोलणारी बाई चालू करून, डोळे मिटून स्वतःचंच ॲप वापरून पाहिलं. तीन वेळा चुकून आपल्या खोट्या मुलीला खोट्या बापाकडे पाठवलं म्हणाला. “सॉरी मॅडम, हे फार वाईट आहे. मला तुमच्याकडे बसून बघायचंय. माझे मामा नागोठण्याला असतात, तिथनं येतो.”

एवढी सेवा फुकट? मी हो म्हटलं. शत्रू घरात आलेला बरा, आवाज तरी ऐकू येतो.

प्रज्ञाला सुट्टी लागली. महिनाभर हितेशकडे राहायचं आधीच ठरलं होतं. तिला आज पेणला सोडून आले. हितेश आणि मी एक शब्द बोललो नाही. प्रज्ञा आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहून खूप बडबड करत होती, बस कशी होती, ड्रायव्हर कसा होता. एवढी बडबड ती कधी करत नाही. तिकडे जायचं म्हणून खूश असेल. मला वाईट वाटलं.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमेचं सकाळी विहारात जाऊन आलो. आईने खीर केली आणि खीर खायला म्हणून विपुल आला, लॅपटॉप घेऊन. आवाजावरून पंचविशीचा. वाटी पुसून खाल्ली.

विपुलला आकडे सांगून ॲप उघडायला लावलं आणि मी बोट फिरवून दाखवलं. बाई ज्या वेगाने बोलते तो त्याला झेपेना. “मॅडम, हे मराठीच आहे ना?” म्हणाला. मग एक-एक करत बसलो. इथे नाव दे, तिथे नाव दे. सहमती देण्याआधी कशाला देतोय ते पूर्ण वाचून दाखव. फोटो पाठवणाऱ्याने त्यात काय आहे ते लिहिल्याशिवाय फोटो जाताच कामा नये. आणि जुने फोटो? तेही परत पाठवणाऱ्याकडे जातील, लिहून मागायला, असं तो म्हणाला. माझं ऐकून त्याने आणखी लोकांना फोन केले होते. उलव्याला एक बाप आहे, त्याला ऐकू येत नाही आणि त्याची बायको त्याला फक्त बोललेले निरोप पाठवते. मी म्हटलं, मुद्दाम करत असणार. विपुल म्हणाला, “नाही मॅडम, तिला लिहिता येत नाही.”

मग तो म्हणाला, “एक विचारू? आतापर्यंत तुमच्याकडे हे सगळं कोण दाबत होतं?”

“आमची प्रज्ञा.”

“आणि वाचून?”

“तीच.”

त्याची लॅपटॉपवरची टकटक थांबली. मग म्हणाला, “पाणी मिळेल का?” आणि विषय बदलला. चोराच्या मनात चांदणं. सहमतीच्या गोष्टीशी येऊन पोचलो की हा पाणी मागतो. मी मनात नोंद करून ठेवली.

जाताना तो आईशी दारात हळू आवाजात काहीतरी बोलला. आई म्हणाली, “मला समद्यं म्हाईत हाय, बाबा. पन ती आईकंल तवा ना.” काय माहीत आहे विचारलं तर म्हणाली, पोरगं खीर छान झाली म्हणत होतं. माझी आईसुद्धा फितूर. जावई होता तेव्हा तिला हितेश पोटच्या पोरापेक्षा लाडका होता.

२७ मे

नवीन ॲप आलं. उघडलं आणि बाईने सांगितलं, “विनंत्या. बटण. निरोप. बटण. फोटो जोडा. बटण.” मी नुसती बोट फिरवत बसले, परत परत. नळाला पाणी आल्यावर लहान मूल हात धरतं तसं. विपुल लबाड असो नाहीतर नसो, काम चोख केलंय. त्याने मॅडमनाही कळवलं की जुनं ॲप मला वापरता येण्यासारखं नव्हतं. म्हणजे ती सहमती आता पडणार. जिंकले.

हितेशचा निरोप आला, माझी मी ऐकलेला पहिला. “मानसी, कंपनीकडून आलं की सगळ्या जुन्या फोटोंत काय आहे ते लिहा. म्हणजे तुला आजवर काही कळतच नव्हतं? मला वाटायचं तुझा फोन सगळं सांगतो. आपल्या घरी तो तुला डाळीचं पाकीट कुठलं, चहाचं कुठलं ते सांगायचा की. मी म्हणायचो, हिला फोटो पाठवले की हिला पोरगी दिसत असेल. सगळे लिहितो, थोडा वेळ दे.”

डाळीचं पाकीट सांगायचा, हे खरं आहे. पण हितेश एवढा भोळा? ह्यावर विश्वास ठेवायला मला अजून जड जातंय.

२९ मे

जेवणाच्या सुट्टीत कचेरीत कोणी नव्हतं. कानात बोंडं घातली आणि पहिल्यापासून ऐकायला बसले. हितेशने सगळ्या फोटोंखाली लिहिलंय, शुद्धलेखनाची बोंब आहे, पण लिहिलंय.

जयंतीचे फोटो प्रज्ञाने सांगितले तसेच होते. मग हा आला: “प्रज्ञाला ताप आला आहे. कपाळावर पट्टी ठेवली आहे. रतन बाजूला बसली आहे. डॉक्टर म्हणाले घाबरू नका. तुला विचारायचं होतं की तिला कोणतं औषध चालतं.” आणि त्याखाली माझं उत्तर. बाईने वाचलं, “तुम्ही: घाबरू नको. आता बरी आहे. पुढच्या वेळी नेहमीचं पांढरं औषध दे. तू छान काळजी घेतोस.”

हे मी सांगितलेलं नाही. ताप आला हेच मला माहीत नव्हतं.

मग मी फोटो सोडून निरोप ऐकत गेले, माझे स्वतःचे. “तुम्ही: शनिवारी नऊला ये. उशीर झाला तरी चालेल, मी थांबीन. चहा आणशील का?” भिकाऱ्यासारखी त्यात कुठेच नव्हतं. हितेशने एकदा विचारलेलं, “तिघं बसून शाळेचं बोलायचं का?” त्यावर, “तुम्ही: आपण बसलो की भांडतो. नको बसायला.” हितेशने माझ्या वाढदिवसाला काहीतरी लिहिलं होतं, त्यावर मी त्याचे आभार मानले होते. एवढी चांगली बाई मी कधीच नव्हते.

शेवटी समुद्राशी आले. “जयंतीला आली तेव्हा नेलं होतं. प्रज्ञा नवीन शाळेच्या फाटकाशी उभी आहे. मागे जांभ्याची इमारत आहे, समोर मैदान. पोरगी हसते आहे.” मग विनंती. मग, “तुम्ही: सहमत.”

मी रतनवर संशय घेतला, विपुलवर घेतला, आईवर घेतला. ज्या बोटांनी सगळं दाबलं ती रोज माझ्या ताटात भात वाढतात.

फोन वाजत होता, मी उचललाच नाही. भाऊसाहेबांनी विचारलं, “मॅडम, बरं नाही का?” मी म्हटलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

३० मे

विपुलला फोन केला. “तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं ना?”

“मॅडम, मी कसं सांगणार होतो? तुमची मुलगी आहे.” मग म्हणाला, “मी फक्त बटणांना नावं द्यायचं बघितलं.”

मी त्याची माफी मागितली. आवाज फार कोरडा आला, पण मागितली.

१ जून, रविवार

काल प्रज्ञाला आणलं. आज आई बाजाराला गेली तेव्हा तिला जवळ बसवलं.

“प्रज्ञा, तो समुद्राचा फोटो होता ना, त्यात लाटा होत्या का गं?”

“कुठला फोटो?” ती म्हणाली. अगदी हलक्या, सहज आवाजात. हा आवाज मी कचेरीत दिवसभर ऐकते आणि शंभर माणसांत ओळखते. घरात ओळखला नाही.

मी फोन काढला आणि बाईला बोलू दिलं. फाटक, जांभ्याची इमारत, मैदान. प्रज्ञा एकदम रडायला लागली. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात.

“तू सांगतेस ते लिहिलं असतं तर बाबा रडला असता,” ती म्हणाली. “आणि तो कधी कधी लिहायचा ते तुला वाचलं असतं तर तू रडली असतीस.”

“तोही वाईट लिहायचा?”

“थोडंसं. मी बदलून सांगायचे.”

मला राग आला. आधी तिचा, मग सवयीप्रमाणे हितेशचा, आणि मग कोणाचा करायचा ते सापडेना. मी विचारलं, “आणि शाळा? तीही भांडण नको म्हणून?”

बराच वेळ ती माझ्या बांगडीशी खेळत राहिली.

“तिकडे कबड्डी आहे.”

“आणखी?”

“तिकडे मला कोण वाच म्हणत नाही. इकडे आलं की सगळं मलाच वाचायला लागतं. मग मलाच ठरवायला लागतं तुला काय सांगायचं. झोपताना पण आठवत बसायला लागतं, काय सांगितलं होतं आणि काय नाही.”

मी तिला घट्ट धरलं.

आई परत आली. आमची तोंडं बघून तिने पिशवी खाली ठेवली. “कळसा गावला वाटतं,” एवढंच म्हणाली आणि मासे धुवायला बसली.

५ जून

चार दिवस मी माझं ॲप माझं वापरतेय. प्रज्ञा लांबून बघत असते. मध्येच विचारते, “काय आलं?” मी सांगते. मग ती फोन घेऊन स्वतः वाचून बघते, मी खरं सांगितलं की नाही ते. माझीच पोरगी. बोलायला तोंडच नाही मला.

सहमती रद्द करायचा हक्क मला आहे. मॅडमही तयार आहेत. तळ्याचं हायस्कूल घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. आता ॲप बोलतं, म्हणजे तिला काही वाचायला नको, म्हणजे तिने इथेच राहायला काय हरकत, असं मी मनाशी दहा वेळा म्हणून पाहिलं. पण मला माहीत आहे. ॲप वाचेल, पण दुकानातली पाटी, एसटीचा बोर्ड, औषधाची बाटली? दाराशी पोरगी असली की मी तिलाच हाक मारणार. मी काही एका दिवसात बदलणारी बाई नाही.

आणि ती गेली की परत येईल का? तिकडे मैदान आहे, आत्या आहे, बाप आहे. इथे मी आहे आणि माझा संशय.

८ जून, रविवार

सकाळी पडवीत बसले. प्रज्ञाला म्हटलं, “बस इथे, पण हात मांडीवर ठेव.”

आधी जुनी सहमती उघडली. बाईने विचारलं, “ही सहमती मागे घ्यायची आहे का?” घेतली. प्रज्ञाचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. मग परत विनंतीवर आले. बाईने सगळं वाचलं, शाळा, गाव, मुलीचं राहण्याचं घर. “सहमत. बटण. असहमत. बटण.” दोन्ही नावं मी एकदा परत ऐकली. मग दाबलं.

“आई, तू खरंच हो दाबलंस?”

“तूच बघ.”

तिने पाहिलं. मग माझ्या पोटात तोंड घालून बसली.

आई आतून म्हणाली, “पोरीला धाडतेस? यडी की खुळी?” आणि मग रडल्यासारखं नाक ओढलं.

दुपारी हितेशचा फोन. “हे काय? रद्द, नि परत हो? माझं काळीज बंद पडलं असतं.”

“पहिली माझी नव्हती. ही माझी आहे.”

“मग पहिली कोनाची?”

प्रज्ञा समोरच होती. मी म्हटलं, “ॲपात बिघाड होता. आता दुरुस्त झालाय.” सहज, हलक्या आवाजात. हितेशने मानलं. तो मला वाटायचा तेवढा पोचलेला नाहीच बहुतेक.

१६ जून, सोमवार

आज तिकडे शाळेचा पहिला दिवस. सकाळपासून घरात कोणाला हाक मारायची ते आठवेना. चहाचा डबा समजून हळदीचा उघडला. कचेरीत गेले, परत आले.

संध्याकाळी बाईने सांगितलं, “नवीन फोटो.” हितेशने पाठवला असेल, त्याच्या नेहमीच्या चुकांसकट. पण खालचं लिहिलेलं त्याचं नव्हतं.

“आई, हे मी लिहितेय. फोटोत मी आहे. निळा ड्रेस आहे. वेणी बाबाने घातली, एक वर आणि एक खाली आहे. शाळा फोटोत होती तशीच आहे, पण आत आवाज खूप आहे. बाबा म्हणतो लिही की प्रज्ञा हसते आहे. पण मी हसत नाहीये. मघाशी रडले पण होते. उद्या कबड्डी आहे.”

मी परत ऐकलं. मग कोणालाही न विचारता उत्तर लिहिलं, “मीपण हसत नाहीये. मीपण रडले. कबड्डीचं उद्या सांग, हरलात तरी सांग.”

बाई म्हणाली, “पाठवा. बटण.” मी दाबलं.